जोर हवा तो पायाखाली

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

घरच्या फ्लाइट सिम्युलेटरवरचा आपल्या पुरवणीतला लेख वाचला. फोर्स फीडबॅक योक (हवेचा जोर मोटरने हाताला जाणवून देणारे सुकाणू) घेतला की दोन इंजिनांचे विमान ‘खऱ्यासारखे’ उडते, असा त्याचा सूर आहे. ते अर्धेच खरे. अशा विमानात परीक्षा होते ती पायाची, आणि पेडलबद्दल लेखात अवाक्षर नाही.

एक इंजिन बंद पडले की विमानाचे तोंड त्या बाजूला ओढले जाते. ते रोखायला चालत्या इंजिनाच्या बाजूचे पेडल दाबून धरावे लागते. साध्या पेडलमध्ये स्प्रिंग असते, त्यामुळे पेडल जितके आत तितका जोर जास्त. केबलने रडर (शेपटीवरची उभी हलती फळी) हलणाऱ्या विमानात हिशेब निराळा. रडरवरचा हवेचा दाब वेगाच्या वर्गाने बदलतो. १०० नॉटला (नॉट म्हणजे ताशी सागरी मैल) तो ७० नॉटच्या दुप्पट. म्हणून वेग उतरत गेला की तेवढीच ओढ रोखायला पेडल आत आत जाते, पायावरचा भार मात्र जवळपास तोच राहतो. पेडल तळाला टेकले की पुढे रडरकडे उपाय नाही. वेगाच्या काट्यावरची लाल रेघ त्यासाठीच असते. पायपर सेमिनोल या दोन इंजिनांच्या छोट्या विमानाला ती ५६ नॉटवर, तर एका इंजिनावर चढण्याची निळी रेघ ८८ वर. ही ‘पेडल खोल, भार तोच’ खूण स्प्रिंग देऊच शकत नाही; त्यासाठी पेडलही फोर्स फीडबॅकचे हवे.

लाल रेघेपाशी पेडलवर १५० पौंडांपर्यंत, म्हणजे सुमारे ६८ किलो, जोर लागणे अमेरिकी नियमांत बसते. त्याच्या निम्म्यातच गुळगुळीत फरशीवरची चाकांची खुर्ची मागे पळते. चाके काढा आणि खुर्ची व पेडल एकाच जाड प्लायवूडवर बोल्टने आवळा.

जोडणीत हमखास होणारी चूक म्हणजे ड्रायव्हरमधली (उपकरण चालवणाऱ्या संगणकातल्या प्रोग्रॅममधली) कायमची स्प्रिंग चालू ठेवणे. मग ट्रिम (हातापायावरचा सततचा भार उतरवणारी चकती) कितीही फिरवा, हातावरचा ताण उतरत नाही. ती शून्यावर आणावी. पहिली चाचणी जमिनीवर, अगदी कमी जोरावर घ्यावी. जोराची दिशा उलटी लागली असेल तर स्टिक (योकऐवजी असलेला दांडा) थेट एका टोकाला जाऊन आदळते. हात सोडल्यावर स्टिक थरथरू लागली तर आधी जोर कमी करावा, मग डॅम्पिंग (हालचालीला होणारा अटकाव) थोडे थोडे वाढवावे.

रडर ट्रिम दिल्यावर फोर्स फीडबॅक पेडल स्वतःच आत सरकून तिथेच थांबते आणि पाय मोकळा होतो. उतरताना थ्रॉटल मागे घेताच मात्र तेच ट्रिम विमानाला चालत्या इंजिनाकडे फिरवते. ते वेळेवर काढायची सवय इथेच लागते.

आपल्या खाऱ्या, दमट हवेत घासून चालणाऱ्या पोटेन्शियोमीटरपेक्षा चुंबकावर, न घासता चालणाऱ्या हॉल सेन्सरची पेडले बरी. पावसाळ्यात वीज गेली की जोर एका क्षणात गळतो, तेव्हा नुसता संगणक यूपीएसवर ठेवून भागत नाही. बेसचा (मोटर असलेल्या भागाचा) अ‍ॅडॅप्टरही त्यावरच हवा.

मोप्याच्या विमानतळावर दिसणाऱ्या एअरबस ३२० चीच हौस असेल, तर फोर्स फीडबॅक स्टिकवर खर्च नको. तिच्या साइडस्टिकमध्ये (वैमानिकाच्या बाजूच्या छोट्या दांड्यात) हवेचा जोर हाताला येतच नाही, निव्वळ स्प्रिंग असते. एटीआर ७२ या पंख्यांच्या विमानाचे एलिव्हेटर (नाक वर-खाली करणाऱ्या शेपटीवरच्या फळ्या) मात्र केबलने हलतात. तिथे पैसे सार्थकी लागतील.

आपला,
एक वाचक, म्हापसा