गृहमंत्रीसाहेब, आमच्या गुन्हेगारांना फाशी कधी झाली ते आम्हालाही कळवा

प्रति,
मा. गृहमंत्री, महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई ४०० ०३२

विषय : न झालेल्या फाशीची माहिती जाहीर सभेतून मिळाल्याबाबत.

महोदय,

सविनय नमस्कार. गेल्या आठवड्यात आमच्या तालुक्याच्या गावी पुलाचं उद्घाटन झालं. त्या सभेत आपल्या मंत्रिमंडळातल्या एका सहकाऱ्यांनी भाषण केलं. कायदा-सुव्यवस्थेवर बोलता बोलता त्यांनी माझी बहीण, दाजी आणि भाचा यांच्या हत्याकांडाचा उल्लेख केला आणि म्हणाले, "त्या तिन्ही नराधमांना आम्ही फासावर लटकवलं." टाळ्या पडल्या. शेजारच्याने माझ्या पाठीवर थाप मारली. शासनाने माझ्या घरासाठी एवढं मोठं काम केलं आणि फिर्यादी असून मलाच कळवलं नाही, म्हणून हे पत्र लिहिण्याची तसदी घेत आहे.

माझ्या माहितीप्रमाणे तिघंही जिवंत आहेत. सत्र न्यायालयाने फाशी सुनावली त्याला चारेक वर्षं होत आली. ती उच्च न्यायालयाने कायम केल्याशिवाय अमलात येत नाही, हे मंत्र्यांना ठाऊक नसेल असं मानायला मी तयार नाही. आमचं प्रकरण तिथे बोर्डावर येतं, वेळ संपते, पुढची तारीख पडते.

वस्तीवर दरोडा पडला त्या रात्रीचं फार लिहीत नाही. दोन वेळा धार निघाली नव्हती म्हणून म्हैस ओरडत होती, ते ऐकून शेजारी गेले तेव्हा कळलं. भाचा चौदा वर्षांचा होता. त्याने एकाला ओळखलं, म्हणून त्याला मारलं, असं निकालपत्रात लिहिलंय. भाची आमच्याकडे जत्रेला आली होती, ती वाचली.

तिसऱ्या दिवशी तेव्हाचे एक मंत्री ताफा घेऊन आले. माझ्या आईचे हात हातात घेऊन म्हणाले, "सहा महिन्यांत फासावर देतो, माझा शब्द." बाहेर कॅमेऱ्यासमोर पोलिसांना ४८ तासांची मुदत दिली. पोलिसांनी मुदत पाळली. शेजारच्या गावच्या पालावरचे दोन तरुण उचलून आणले, पेपरात त्यांचे बुरखा घातलेले फोटो आले आणि आम्ही सगळ्यांनी त्यांना शिव्याशाप दिले. खरे आरोपी पुढे चोरलेल्या मोबाइलवरून सापडले. त्या पोरांना सोडलं. त्यांची माफी कुणी मागितल्याचं ऐकलं नाही.

हे मुद्दाम सांगतोय. २००३ मध्ये नाशिक जिल्ह्यात असाच दरोडा आणि हत्याकांड झालं. भटक्या जमातीतल्या सहा जणांना धरलं. २००९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सहाही जणांच्या फाशीवर शिक्कामोर्तब केलं. आणि मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सहाही जणांना निर्दोष सोडलं, प्रत्येकी पाच लाख भरपाई द्यायला सरकारला सांगितलं. सोळा वर्षं आत. त्यांना तुमच्या ४८ तासांच्या वेगाने लटकवलं असतं तर पाच लाख कुणाच्या हातात दिले असते?

तरीही मला फाशी हवी आहे. हे स्पष्ट लिहितो, कारण आमचे एक वकीलसाहेब म्हणतात, फाशीने गुन्हे कमी होत नाहीत. नसतील होत. गुन्हे कमी करणं हे तुमचं खातं आहे, माझं नाही. ज्याने चौदा वर्षांच्या पोराला, केवळ त्याने ओळखलं म्हणून, मारलं, त्याने जन्मभर सरकारी भाकरी खावी हे मला पटत नाही. १९८० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने 'दुर्मिळातील दुर्मिळ' असा निकष घालून दिला. आमचं प्रकरण त्यात बसतं असं सत्र न्यायाधीशांनी शंभरावर पानं लिहून सांगितलं. पुरावा पक्का, सुनावणी नीट, शंका राहिली नाही, एवढं झाल्यावर फाशी द्यावी. मात्र ती द्यायची तर कागद हलवावे लागतात, आणि इथेच तुमच्या सरकारची गाडी पंक्चर आहे.

जोशी-अभ्यंकर टोळीने १९७६-७७ मध्ये पुण्यात दहा खून केले. नोव्हेंबर १९८३ मध्ये येरवड्यात चौघांना फाशी झाली. सात वर्षं. तेव्हा ई-ऑफिस नव्हतं, व्हॉट्सअॅप नव्हतं, टाइपरायटर होते.

आता अलीकडचं बघा. लहान मुलं पळवून मारणाऱ्या गावित बहिणी १९९६ मध्ये सापडल्या. कोल्हापूरच्या न्यायालयाने २००१ मध्ये फाशी दिली, सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये कायम केली, राष्ट्रपतींनी दयेचा अर्ज २०१४ मध्ये फेटाळला. आणि जानेवारी २०२२ मध्ये उच्च न्यायालयाने जन्मठेप केली. का? दयेच्या अर्जावर जवळजवळ आठ वर्षं फाइल रेंगाळली म्हणून. पुण्यात २००७ मध्ये कॅबचालकाने आणि त्याच्या साथीदाराने कामावर निघालेल्या तरुणीवर अत्याचार करून तिला मारलं. राष्ट्रपतींनी २०१७ मध्ये अर्ज फेटाळला. पुढे वॉरंट निघायला २०१९ उजाडलं, जूनची तारीख ठरली आणि जुलैत फाशी रद्द होऊन पस्तीस वर्षांची कैद झाली. डिसेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते कायम ठेवलं आणि दयेच्या अर्जांसाठी प्रत्येक राज्याने स्वतंत्र कक्ष उघडावा असा आदेश दिला. आपल्याकडे तो उघडला का? कुठल्या मजल्यावर?

न्यायाधीशांवर माझा राग नाही. वर्षानुवर्षं रोज मरण दाखवून मग मारणं हीसुद्धा क्रूरता आहे, हे त्यांचं म्हणणं मला समजतं. राग आहे तो टेबलावर फाइल ठेवून चहाला जाणाऱ्यांवर. दया राष्ट्रपतींनी नाकारली, ती कारकुनांनी दिली! त्यातल्या किती जणांची पगारवाढ थांबली?

आणि डिसेंबर २०२१ मध्ये दोन्ही सभागृहांत महिला-बालकांवरच्या अत्याचाराला फाशीची तरतूद करणारं शक्ती विधेयक मंजूर करून तुम्ही सगळ्या पक्षांनी एकमेकांचं अभिनंदन केलं होतं. त्याचा कायदा अजून झालेला नाही. आहे त्या कायद्याची फाशी देता येईना आणि नवी फाशी छापताय. बदलापूरच्या शाळेतल्या लहान मुलींवरच्या अत्याचाराच्या आरोपीला २०२४ मध्ये पोलिसांच्या गाडीत गोळी लागली तेव्हा बंदूक घेतलेल्या नेत्यांचे फलक लागले. म्हणजे न्यायालय नको, फलक हवा. मग न्यायाधीश, साक्षीदार, पंच हवेत कशाला? आम्ही साक्ष देताना उलटतपासणीत "बहिणीशी जमिनीचा वाद होता ना?" हे ऐकून घेतलं, ते कशाला?

माझी आई बहिणीचं मंगळसूत्र मागते. ते मुद्देमालात आहे. यादीत लिहिलंय : "पिवळ्या धातूच्या दोन वाट्या, काळ्या मण्यांत ओवलेल्या, एक वाटी चेपलेली." अपील संपेपर्यंत मिळणार नाही. आई ऐंशीच्या पुढे आहे. तुमच्या मंत्र्यांच्या हिशोबाने फाशी झालेली असेल तर अपीलही संपलं असणार, तेव्हा मंगळसूत्र पाठवून द्या.

भाची आता पोलीस भरतीची तयारी करते, पहाटे कॉलेजच्या मैदानावर धावते. भरतीच्या तारखाही आमच्या केससारख्याच पुढे जातात, तो वेगळा विषय. तिचं आणि माझं पटत नाही. ती म्हणते, "मामा, जन्मभर आत ठेवा, चालेल मला. पण काय ते एकदा ठरवा. पेपरात दर वेळी आईचा तोच फोटो छापतात." तिला काय उत्तर देऊ ते तुमच्या जनसंपर्क अधिकाऱ्याकडून लिहून पाठवा.

सरकारी वकिलांना सांगून आमच्या प्रकरणाची लवकर सुनावणी मागा. त्या सहकाऱ्यांनी त्याच गावात, त्याच माइकवरून चूक सुधारावी. आणि यापुढे कुणाच्या ओसरीवर सांत्वनाला गेलात तर फाशीचा शब्द देऊ नका, तो तुमच्या हातात नसतो. तपास अधिकारी खटला संपेपर्यंत बदलणार नाही, एवढा शब्द द्या. आमच्या केसमध्ये तीन बदलले.

उत्तर लेखी पाठवा.

कळावे,
फिर्यादी (मयत बहिणीचा भाऊ)