गुरुवारची ओपीडी सोडलेली नाही

तीर्थरूप आई-बाबांस,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "डीन झालीस खरी, पण आता पेशंट कोण बघणार? आणि तुझी प्रयोगशाळा?" तेव्हा मला नीट बोलता आलं नाही, म्हणून लिहितेय.

लहानपणी तुम्ही मला वरोऱ्याला आनंदवनात, कुष्ठरोग्यांच्या वसाहतीत न्यायचात. एकदा परतताना मी विचारलं होतं, रोग एकच, मग एकाच्या हातावर नुसता बधिर चट्टा आणि दुसऱ्याचा अख्खा चेहरा गाठींनी भरलेला, असं का? तुम्ही म्हणालात, "डॉक्टर हो आणि शोध."

माझ्या आधी डॉ. इंदिरा नाथ याच प्रश्नामागे लागल्या होत्या. एम्समधून एमबीबीएस, पुढे पॅथॉलॉजी, १९७० साली नफील्ड फेलोशिपवर इंग्लंड. तिथे कुष्ठरोगाच्या प्रतिकारशक्तीचं काम शिकून त्या परत एम्समध्ये आल्या. जंतू तोच असतो, आई. काहींच्या टी-पेशी, म्हणजे शरीराच्या जंतूंशी लढणाऱ्या पेशी, त्याच्यावर तुटून पडतात. जंतू थोडेच उरतात, पण त्या झटापटीत स्पर्श कळवणाऱ्या नसाही पोळतात. काहींच्या टी-पेशी नेमक्या याच जंतूपुढे गप्प बसतात आणि तो अंगभर पसरतो. त्या गप्प का बसतात, याचा माग नाथबाईंनी वर्षानुवर्षं काढला. हा जंतू प्रयोगशाळेतल्या बशीत वाढत नाही. पेशंटचं रक्त, त्याच्या कातडीचा छोटा तुकडा, यांवाचून या कामात पाऊल पुढे पडत नाही. म्हणून पेशंट की प्रयोगशाळा, असा प्रश्न मला कधी पडलाच नाही.

राहिली खुर्ची. नाथबाईंनी १९८६ मध्ये एम्समध्ये बायोटेक्नॉलॉजी विभाग उभा केला, निवृत्तीनंतर मलेशियातल्या एका विद्यापीठात डीनपदही सांभाळलं. मला हे फार मोलाचं वाटतं. मी रेसिडेंट (शिकाऊ) डॉक्टर असताना मला सांगितलं जायचं, संशोधन करायचंय ना, मग ड्युटी संपल्यावर कर. रात्री दोनला पेशी मोजताना डोळे मिटायचे, आकडे चुकायचे, पुन्हा पहिल्यापासून. माझ्याबरोबरच्या दोघींनी त्या वर्षी प्रयोगशाळा कायमची सोडली. माझ्याहून हुशार होत्या त्या. आज ड्युटीच्या वेळापत्रकावर माझी सही लागते. पहिल्याच महिन्यात मी संशोधन करणाऱ्या रेसिडेंट मुलांसाठी आठवड्याचे दोन दिवस मोकळे करून घेतले. त्यासाठी तीन विभागप्रमुखांशी भांडावं लागलं, तेही केलं.

माझ्या स्वतःच्या प्रयोगांना वेळ कमी मिळेल, ते मला जड जातंय. पण गुरुवारची ओपीडी सोडलेली नाही. गेल्या आठवड्यात एक बाई आल्या होत्या, चुलीवर हात भाजला तरी कळलं नाही म्हणाल्या. मी कापसाच्या बोळ्याने त्यांचे हात तपासत होते आणि मला आनंदवनचा तो रस्ता आठवत होता.

आई, गुडघ्याचा एक्स-रे अजून पाठवला नाहीस. बाबा, तिला घेऊन जा आणि रिपोर्टचा फोटो मला पाठवा.

तुमची,
लेक