वर्गणीवाल्यांनाही खुर्ची द्या

केंद्र सरकारने २००७ मध्ये स्वयंसेवी क्षेत्राचे राष्ट्रीय धोरण मंजूर केले. केंद्रीय खाती व राज्यांनी सरकार आणि संस्थांच्या प्रतिनिधींचे संयुक्त सल्लागार गट नेमावेत, असे त्यात आहे. आमच्यापर्यंत पोहोचले ते एवढेच, की नीती आयोगाच्या 'दर्पण' या स्वयंसेवी संस्थांसाठीच्या पोर्टलवर नोंदणी करा.

आमच्या वाचनालयाचे एक विश्वस्त वारले. ९० दिवसांत धर्मादाय आयुक्त कार्यालयाला चेंज रिपोर्ट (विश्वस्तांतला बदल कळवणारा अर्ज) द्यायचा म्हणून मृत्यूचा दाखला, ठरावाची प्रत, नव्या विश्वस्ताचे संमतिपत्र अशी जुळवाजुळव केली. अर्ज वेळेत गेला, निकाल काही येईना. बँक मात्र जुन्याच सह्या मागते. (त्यातली एक आता कुठून आणायची?) अशा अडचणी सरकारच्या कानी पडाव्यात म्हणून त्या सल्लागार गटांत दिल्लीतल्या मोठ्या संस्थांशेजारी महिना वीस रुपये वर्गणीवर चालणाऱ्यांनाही एक खुर्ची ठेवावी.

– एका वाचनालयाचा चिटणीस