कॅमेरा दादर-माटुंग्यातही यावा

मरीन ड्राइव्हच्या आर्ट डेको (१९३०-४०च्या दशकांतील वास्तुशैली) इमारतींवरील रविवारचे छायाचित्र-पान आवडले. पण दादर-माटुंगा त्यात नाही, हे खटकले. ओव्हल मैदान-मरीन ड्राइव्ह परिसराला २०१८ मध्ये जागतिक वारशाचा दर्जा मिळाला. त्याच शैलीच्या शिवाजी पार्क, हिंदू कॉलनी, माटुंग्यातील इमारतींना ते कवच नाही. पुनर्विकासात त्या एकेक करून पडत आहेत. गोलाकार गॅलऱ्या, खिडक्यांवरचे सलग छज्जे, जिन्याच्या लोखंडी जाळीत घडवलेले सूर्यकिरण, दर्शनी भिंतीवर सिमेंटच्या ठसठशीत अक्षरांतले इमारतीचे नाव, हे नव्या टॉवरमध्ये कुठून येणार? रस्त्यावरून फार तर दर्शनी भाग टिपता येतो; जिने आतच राहतात. तेव्हा घरे रिकामी करण्यापूर्वी सोसायट्यांनी छायाचित्रकारांना आवर्जून आत बोलवावे.

– एक वाचक, माटुंगा