गोल थेंबातून पृष्ठताण निघत नाही

माननीय संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या विज्ञान पुरवणीत सुईच्या टोकाला लटकत्या थेंबाच्या फोटोवरून पृष्ठताण मोजण्याची कृती आली, हे चांगलेच झाले. कनिष्ठ महाविद्यालयात हा विषय केशनलिका (केसासारखी बारीक काचेची नळी) आणि ट्रॅव्हलिंग मायक्रोस्कोप यांपलीकडे सहसा जात नाही. नळी नीट धुतलेली नसली की पाण्याचे उत्तर साठीत येते आणि वहीत मात्र 72 (मिलिन्यूटन प्रति मीटर) उतरते, हेही सर्वांना ठाऊक आहे. पण लेखासोबत छापलेल्या फोटोतला थेंब साबुदाण्यासारखा गोल आहे. त्याच्याखाली दिलेला आकडा त्या थेंबातून निघूच शकत नाही.

पृष्ठताण थेंबाला गोल करू पाहतो आणि वजन त्याला खाली ओढते. 2 मिलिमीटर व्यासाच्या गोल पाण्याच्या थेंबात आतला दाब बाहेरच्यापेक्षा सुमारे 146 पास्कलने जास्त असतो. थेंबात वरून खाली जाताना दर मिलिमीटरला आणखी सुमारे 10 पास्कल वाढतात. जिथे दाब जास्त, तिथे वक्रता जास्त. त्यामुळे थेंब खाली फुगीर आणि वर मानेशी निमुळता होतो. ही फुगीर-निमुळती ठेवण हेच मोजायचे असते. थेंब लहान असेल तर वजनामुळे वाढणाऱ्या या दाबाचा प्रभाव नगण्य राहतो, थेंब गोल दिसतो आणि गोल थेंब पाण्याचा असो वा अल्कोहोलचा, सारखाच दिसतो. फोटोवरून हिशेब करणारा संगणक तरीही आकडा देतो, कारण आकडा देणे हेच त्याचे काम आहे.

थेंब किती मोठा हवा याचा हिशेब सोपा आहे. पाय (π) गुणिले सुईचा बाहेरचा व्यास गुणिले पृष्ठताण, भागिले द्रव आणि हवा यांच्या घनतेतला फरक आणि गुरुत्वत्वरण यांचा गुणाकार. ही झाली आकारमानाची वरची मर्यादा. 16 नंबरच्या सुईचा बाहेरचा व्यास 1.65 मिलिमीटर असतो. तिच्यावर पाण्यासाठी हे उत्तर 38-39 मायक्रोलिटर येते. प्रत्यक्षात थेंब त्याच्या बराच आधी सुटतो, म्हणून 25 च्या आसपास थांबावे. 5 मायक्रोलिटरवर काढलेला फोटो सरळ टाकून द्यावा.

ही सुई जनावरांच्या औषधांच्या दुकानात मिळते. तिचे टोक तिरके कापलेले असते. ते बारीक पॉलिश पेपरवर घासून सुईच्या अक्षाला काटकोनात सपाट करावे लागते, नाहीतर थेंब एका अंगाला झुकून लटकतो. सिरिंज काचेची घ्यावी. एकदा वापरून फेकायच्या प्लास्टिक सिरिंजमध्ये दट्ट्या सहज सरकावा म्हणून सिलिकॉन तेल लावलेले असते. ते पाण्याच्या पृष्ठभागावर पसरते आणि आकडा गुपचूप खाली आणते. सुई आयसोप्रोपिल अल्कोहोलने आणि मग ऊर्ध्वपातित पाण्याने भरपूर धुवावी, टोकाला बोट लावू नये, पहिले चार-पाच थेंब सोडून द्यावेत. बॅटरीवाल्याकडचे पाणी क्षारमुक्त असते, पण सेंद्रिय मळ त्यात नसेलच असे नाही.

फोटोसाठी मागे पांढरा एलईडी आणि त्यापुढे ट्रेसिंग पेपर पुरतो. प्रकाशाचा पट्टा थेंबाहून थोडाच रुंद ठेवावा. पट्टा फार रुंद असेल तर थेंबाची कड उजळून पुसट होते आणि थेंब बारीक मोजला जातो. मोबाइल अगदी जवळ नेऊ नये, थोडे लांब राहून झूम करावे. फोकस सुईच्या कडेवर कुलूपबंद करावा. चौकटीत दोऱ्याचा एक ओळंबा लटकलेला ठेवावा, म्हणजे मोबाइल वाकडा धरला होता का ते फोटोतच कळते. पंखा बंद.

सर्वांत जास्त चूक होते ती मापपट्टीत. पृष्ठताण लांबीच्या वर्गाच्या प्रमाणात असतो, म्हणून मापात 1 टक्का चूक झाली की उत्तरात 2 टक्के होते. सुईचा व्यास स्क्रूगेजने मोजला तर 0.01 मिलिमीटरची चूक सहज होते. 1.65 वर ती 0.6 टक्के झाली, आणि पाण्याच्या आकड्यात सुमारे 0.9 मिलिन्यूटन प्रति मीटर. त्यापेक्षा 1/8 इंची, म्हणजे 3.175 मिलिमीटरचा बेअरिंगचा नवा पोलादी छर्रा घ्यावा, तो थेंबाच्याच जागी ठेवून, मोबाइलला हात न लावता, त्याचा फोटो काढावा. छर्रा थेंबाएवढाच असल्याने माप नेमके बसते. शिवाय त्याचा आडवा आणि उभा व्यास पिक्सेलमध्ये सारखा येतो का ते पाहता येते. आला नाही तर दोष भिंगात किंवा मोबाइल धरण्यात आहे.

संगणकाशिवायही उत्तर काढता येते. आंद्रेयास, हाउझर आणि टकर या संशोधकांनी 1938 मध्ये दिलेल्या पद्धतीत फक्त दोन व्यास लागतात. पहिला, थेंबाचा सर्वांत मोठा आडवा व्यास. दुसरा, थेंबाच्या खालच्या टोकापासून बरोबर तेवढ्याच अंतरावर वर जाऊन मोजलेला आडवा व्यास. दुसऱ्याला पहिल्याने भागले की येणारे गुणोत्तर 0.68 ते 0.90 मध्ये असेल, तर त्याचा 2.643 वा घात काढून 0.3135 ला त्याने भागावे. या गुणकाला घनतेतला फरक, गुरुत्वत्वरण आणि मोठ्या व्यासाचा वर्ग यांनी गुणले की पृष्ठताण. समजा मोठा व्यास 3.03 मिलिमीटर आणि दुसरा 2.12 आला. गुणोत्तर 0.70, गुणक 0.80 च्या किंचित वर, आणि 25 अंश सेल्सिअसला उत्तर 72. गुणोत्तरातल्या 1 टक्का चुकीने उत्तर अडीच टक्क्यांहून जास्त हलते, म्हणून दुसऱ्या व्यासाची उंची डोळ्यांनी अंदाजे धरू नये. गुरुत्वत्वरण पुस्तकातले 9.81 न घेता महाराष्ट्रासाठी 9.78 ते 9.79 घ्यावे. आकडा 0.2 ने सुधारतो. ‘ओपनड्रॉप’सारखी मोफत प्रणाली थेंबाच्या पूर्ण कडेवर यंग-लाप्लास समीकरण (दाब आणि वक्रता यांचे नाते सांगणारे) बसवते, त्यामुळे एखाद्या पिक्सेलच्या चुकीचा फटका कमी बसतो. छर्ऱ्याचे माप आणि घनता मात्र तिलाही आपणच द्यायची असते.

दुसऱ्या कोणत्याही द्रवाला हात लावण्याआधी पाणी मोजावे. 20 अंशाला 72.8, 25 ला 72.0, 30 ला 71.2 यायला हवे. एकाच थेंबाचे दर मिनिटाला फोटो घ्यावेत. पाच मिनिटांत 72 चे 68 झाले तर सुई किंवा सिरिंज अस्वच्छ आहे, पुन्हा धुवावी. उन्हाळ्यातल्या कोरड्या हवेत थेंब डोळ्यांदेखत आटतो आणि आटताना गारही होतो. सपाट काचांच्या लहान पेटीत ओला कापूस ठेवून तिच्यात थेंब लटकवला की हे थांबते. पेटी सपाट काचांचीच हवी. गोल बीकर भिंगासारखा वागतो आणि थेंबाचा आकार बिघडवतो. साबणाच्या पाण्याचा आकडा मात्र वेळेबरोबर खाली येणारच, कारण साबणाचे रेणू पृष्ठभागावर यायला वेळ घेतात. तिथे आकड्याबरोबर थेंबाचे वयही लिहावे लागते. पिकांवरच्या फवारणीत मिसळल्या जाणाऱ्या सिलिकॉनयुक्त स्टिकरने (औषध पानावर पसरवणाऱ्या द्रवाने) हा आकडा पार विशीच्या आसपास येतो. तेव्हा त्याच सुईवर थेंब पाण्याच्या तिसऱ्या हिश्शाएवढाच लटकतो.

तेल आणि पाणी यांच्या सीमेवरचा ताण, म्हणजे आंतरपृष्ठताण, याचीही कृती लेखात ‘तशीच’ म्हणून एका ओळीत उरकली आहे. ती तशी नाही. तेल हलके असल्याने सुई इंग्रजी जे अक्षरासारखी वाकवून थेंब पाण्यात वर सोडावा लागतो. शेंगदाणा तेल आणि पाणी यांच्या घनतेत फरक जेमतेम 80-85 किलो प्रति घनमीटरचा. त्यात 1 ची चूक म्हणजे उत्तरात 1.2 टक्के, हवेतल्या पाण्यासाठी हीच चूक 0.1 टक्का. म्हणून दोन्ही घनता त्याच तापमानाला मोजून घ्याव्यात, तक्त्यातून उचलू नयेत. आंतरपृष्ठताण 25 धरला तर 16 नंबरच्या सुईवर सुमारे 100 मायक्रोलिटरचा थेंब लागतो, तेव्हा कुठे त्याला आकार येतो. खाद्यतेलातली मुक्त मेदाम्ले सीमेवर जमत राहतात, त्यामुळे आकडा घसरत जातो. ट्रान्सफॉर्मरच्या तेलाची तपासणी याच घसरणीवर चालते. नव्या तेलाचा पाण्याशी ताण 40 च्या वर असतो, तेल जुने होऊन त्यात आम्ले तयार झाली की तो उतरतो. नेहमीच्या चाचणीत त्यासाठी प्लॅटिनमची कडी सीमेतून वर ओढतात. थेंबाच्या पद्धतीत कडीचा स्पर्शच नसतो, आणि केशनलिकेसारखा स्पर्शकोनही (द्रव काचेला ज्या कोनात टेकतो तो) मध्ये येत नाही.

विनंती एवढीच की फोटो बदलून कृती पुन्हा छापावी. आकड्याखाली सुईचा व्यास, तापमान, थेंबाचे वय आणि त्याच दिवशी त्याच सुईवर आलेला पाण्याचा आकडा द्यावा. पाणी 72 च्या आसपास आले नसेल तर त्या दिवशीचे साबणाचे आणि तेलाचे आकडे छापू नयेत.

आपले,
दोन वाचक (भौतिकशास्त्र प्रात्यक्षिकांचे शिक्षक), पुणे