टेस्टच्या आधी गहू सोडू नका

संपादक महोदय,
सा. न. वि. वि.

गेले आठ महिने मी पोटाच्या त्रासाने हैराण आहे आणि आज लिहितेय ते एवढ्याचसाठी की माझ्याकडून जी चूक झाली ती आपल्या इंदूरच्या आणखी कुणाकडून होऊ नये. मी सुदामा नगरमधे राहते, शाळेत शिकवते. सकाळी घराबाहेर पडायच्या आधी तीन-चारदा जावं लागतं, दुपारी पोट फुगून टणक होतं, तोंड सारखं येतं, आणि तीन महिने लोहाच्या गोळ्या घेऊनही हिमोग्लोबिन जिथल्या तिथे. आधी वाटलं अ‍ॅसिडिटी, मग वाटलं टेन्शन, घरचे म्हणाले बाहेरचं बंद कर, तर सकाळचे पोहे-जिलबी आणि सराफ्यात जाणं तेही बंद केलं.

मग नात्यातल्या एकीने सांगितलं, गहू सोडून बघ. सोडला. दोन महिने ज्वारीची भाकरी, भात, मक्याचा कीस, आणि खरंच बरं वाटायला लागलं, म्हटलं आता सीलिअ‍ॅकची, म्हणजे गव्हाने आतडं बिघडतं त्या आजाराची, टेस्ट करूनच घेऊ. रक्त दिलं, रिपोर्ट निगेटिव्ह. रक्त घेताना कुणी विचारलं नाही, चिठ्ठीवरही एक ओळ नाही की बाई तुम्ही सध्या गहू खाताय ना. मी निर्धास्त होऊन पोळी सुरू केली आणि पंधरा दिवसांत पुन्हा तेच सगळं.

दुसऱ्या डॉक्टरांनी फाईल उघडायच्या आधीच विचारलं, रक्त दिलं तेव्हा गहू चालू होता का? नाही म्हटल्यावर त्यांनी समजावून सांगितलं. गहू, जव आणि राय (मोहरी नव्हे, गव्हासारखंच एक धान्य) या धान्यांत ग्लुटेन नावाचं प्रथिन असतं, आणि हा आजार असला की ते पोटात गेल्यावर आपलीच प्रतिकारशक्ती लहान आतड्याच्या अस्तरावर उलटते, तिथली बारीक केसासारखी लव झिजते, म्हणून खाल्लेलं लोह अंगी लागत नाही. टीटीजी नावाची रक्ताची टेस्ट याच भांडणातल्या अँटीबॉडी शोधते. गहूच बंद असेल तर अँटीबॉडी कमी होत जातात, अस्तर भरून यायला लागतं, आणि मग रक्तात काही दिसत नाही की एंडोस्कोपीत घेतलेल्या तुकड्यातही नाही. सोबत एकूण आयजीए, म्हणजे ही टेस्ट ज्या जातीच्या अँटीबॉडी शोधते त्यांचं रक्तातलं एकूण प्रमाण, पण बघावं लागतं, कारण ते मुळातच कमी असलं तरी टीटीजी खोटी निगेटिव्ह येऊ शकते. हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर माझे चार महिने वाचले असते.

आता त्यांनी सांगितलंय, निदान ६ आठवडे दोन्ही वेळच्या जेवणात गहू, मगच पुन्हा रक्त आणि एंडोस्कोपी. पोटात कळ येत असताना ज्याने कळ येते तेच खायचं, हे लिहायला सोपं आहे. माझ्या सासूबाई तव्यावरची पोळी चिमट्यात धरून नुसत्या उभ्या राहतात, "अगं, वाढू का नको?" म्हणतात आणि त्यांच्या डोळ्यात पाणी येतं. शाळेत चाळीस मिनिटांचा तास मधेच सोडून पळावं लागतं, आमच्या शाळेतल्या मावशी न सांगता वर्गाच्या दाराशी येऊन बसतात, त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

या दिवसांत मला ज्याने निभावलं ते सांगते, पण प्रत्येकाने आपल्या डॉक्टरांना विचारूनच करावं. पोळी दोन वेळा अर्धी-एकच खाते, बाकी पोट मुगाची खिचडी आणि भाताने भरते. दूध बंद केलंय, कारण अस्तर झिजलेलं असलं की दूधही पचेनासं होतं, दही थोडं चालतं. जुलाब झाले की ओआरएस, नुसतं पाणी नाही. वहीत रोज लिहिते काय खाल्लं, किती वेळा जावं लागलं, डॉक्टरांना त्याचा फार उपयोग झाला. आणि शौचातून रक्त पडलं, उलट्या थांबेनात, वजन झरझर उतरलं किंवा लहान मुलाला त्रास असला तर सहन करत तारखेची वाट बघत बसू नका, लगेच फोन करून तारीख अलीकडे मागा. नाहीच सोसवलं तर तेही सांगा, पण गहू आपल्या मनाने सोडू नका.

लोक म्हणतात, गहू सोडून बरं वाटतंय ना, मग टेस्ट कशाला? बरं वाटणं हा पुरावा नाही, सीलिअ‍ॅक नसलेल्या कित्येकांनाही गहू सोडल्यावर हलकं वाटतं. आणि असलं तर हे पथ्य जन्मभराचं आहे, चिमूटभरही चालत नाही. डबीतल्या हिंगातसुद्धा बहुतेक वेळा गव्हाचं पीठ असतं, ज्वारी दळायची तर चक्कीवर आधी गहू दळलेला नको. आपल्या माळव्यात जिथे पाहुण्याला दाल-बाफले केल्याशिवाय चैन पडत नाही तिथे एवढं कडक पथ्य नुसत्या अंदाजावर कुणी कसं पाळणार? शिवाय मला निघालं तर माझ्या मुलाची आणि भावाची पण तपासणी करावी लागेल, हा आजार घराण्यात चालतो.

म्हणून शहरातल्या डॉक्टरांना आणि लॅबवाल्यांना कळकळीची विनंती आहे, सीलिअ‍ॅकच्या टेस्टच्या चिठ्ठीवर हिंदीत, मराठीत, कशातही एक ओळ छापा: टेस्ट होईपर्यंत गहू चालू ठेवा. आणि आपणही एखाद्या पोटविकार तज्ज्ञांकडून यावर नीट लेख लिहून घ्यावा, जमलं तर दिवाळीच्या आतच, कारण शंकरपाळे-करंज्या खाऊन पोट बिघडलं की घरोघरी हाच सल्ला सुरू होतो, गहू सोडून बघ.

आपली,
एक वाचक शिक्षिका,
सुदामा नगर, इंदूर