बाबा, एफडी मोडू नका

ती. आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

काल फोनवर बाबा एफडी मोडायचं बोलले आणि मला पुढे बोलवेना, म्हणून लिहायला बसले. बाबा, एफडीला हात लावू नका. नोकरी लागली आहे, सोमवारी हजर व्हायचंय. पगार आधीपेक्षा कमी आहे. तो मी विचार करूनच स्वीकारलाय.

आई, तू विचारलंस, चौदा वर्षांचं शिकलेलं पाण्यात गेलं का? नाही गेलं, तेच सांगते.

आमची लाइन डिझेल इंजेक्टरच्या पार्टची. एप्रिल २०२० मध्ये गाड्यांच्या धुराचे कडक बीएस-६ नियम आले, छोट्या डिझेल गाड्या परवडेनाशा झाल्या, तेव्हापासून ऑर्डरी उतरतच होत्या. तरी लाइन बंद होऊन नोकरी गेल्यावर पहिला महिनाभर मी एकच बायोडाटा चाळीस ठिकाणी पाठवला, सगळ्या गाड्यांच्याच कंपन्या. एकाचंही उत्तर आलं नाही.

मग आमच्याकडे गेज कॅलिब्रेशनला, म्हणजे मापायची साधनं बरोबर मापतात का ते तपासायला, येणारे काका आठवले. त्यांची दहा तऱ्हेच्या कारखान्यांत ये-जा. त्यांच्याकडे नोकरी मागितली नाही. एवढंच विचारलं, की माझ्यासारखं क्वालिटीचं काम आणखी कुठे चालतं? ते म्हणाले, मेडिकल डिव्हाइसवाले बघ. कॅथेटर, सिरिंज, स्टेंट बनवणारे. ऑक्टोबर २०२३ पासून क्लास सी आणि डीच्या, म्हणजे जास्त जोखमीच्या, उपकरणांनाही परवाना लागू झालाय, त्यांना कागद चोख ठेवणारी माणसं हवी असतात. त्यांच्याच ओळखीने एका क्वालिटीवाल्या बाईंशी अर्धा तास बोलले, त्यांचा दिवस कसा जातो ते विचारलं.

त्या रात्री वहीच्या एका पानावर माझी कामं लिहिली, समोरच्या पानावर त्यांच्या जाहिरातींतले शब्द. आमचं गाड्यांच्या क्वालिटीचं मानक आयएटीएफ १६९४९, त्यांचं मेडिकल उपकरणांचं आयएसओ १३४८५. आमचं एफएमईए, म्हणजे कुठे काय बिघडू शकतं याची आधीच केलेली नोंद, त्यांची आयएसओ १४९७१ ची रिस्क फाइल. पार्ट बाद झाला तर कुठल्या लॉटचा, कुठल्या मशीनचा, हे शोधायची शिस्त दोन्हीकडे तीच. क्लीनरूम आणि निर्जंतुकीकरण मात्र मला सर्वस्वी नवं होतं. इंटरनल ऑडिटरचा छोटा कोर्स केला, आणि मुलाखतीत जे येत नाही ते येत नाही म्हणूनच सांगितलं. बायोडाटा त्यांच्या शब्दांत नव्याने लिहिला. या वेळी फक्त सहा ठिकाणी पाठवला, तिघांनी बोलावलं.

मधे एकाने फोन करून ‘व्हेरिफिकेशन’साठी साडेचार हजार मागितले. मी फोन ठेवला. आत्याच्या पोरालाही सांगा, नोकरी देणारा पैसे मागत नाही, मागितले की समजायचं.

पैशांचं बाबांना समजेलच. चौदा वर्षं सात महिने झाले होते, म्हणून ग्रॅच्युइटी पंधरा वर्षांची धरली: शेवटचा बेसिक आणि डीए भागिले २६, गुणिले १५ दिवस, गुणिले १५ वर्षं. त्यातले सहा महिन्यांच्या घरखर्चाचे वेगळे ठेवलेत. पीएफ काढलेला नाही. त्याच यूएएनवर, म्हणजे पीएफच्या त्याच नंबरवर, पुढे चालू राहील.

बाबा, तुम्ही साहेबांना शब्द टाकतो म्हणालात आणि मी तुटकपणे नाही म्हटलं. त्याचं वाईट वाटतं. तुम्ही कारखान्यात फिटर असताना मला मापायचा व्हर्निअर हातात धरायला शिकवलंत, त्यावरच इथवर आले. नव्या ठिकाणी नळी इतकी मऊ असते की व्हर्निअर लावला तर दबते, म्हणून कॅमेऱ्याने मापतात. आल्यावर दाखवीन फोटो.

आता एक काम तुमच्याकडे. जुन्या कंपनीच्या मेडिक्लेममध्ये तुम्ही दोघं होता, ती संपली. तुमच्या नावाने वेगळी पॉलिसी घेतेय. आधीपासूनच्या आजाराला तीन वर्षांपर्यंत थांबावं लागू शकतं, म्हणून उशीर नको. आईची शुगर फॉर्मवर लिहायचीच, लपवली तर ऐन वेळी क्लेम नाकारतील. मागच्या दोन वर्षांचे रिपोर्ट कपाटातल्या निळ्या फाइलीत आहेत. त्यांचे फोटो काढून रविवारपर्यंत पाठवा.

तुमची,
ताई